वाचक विचारतात: ड्रोसोफिलातले हरवलेले नर

केळ्यांवर घोंगावणाऱ्या ड्रोसोफिला या फळमाशीविषयी पुण्यातल्या विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: एक्स गुणसूत्रावरचं घातक जनुक ओळखायचं कसं? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात आम्ही स्टॉकमधल्या (प्रयोगशाळेत जपलेल्या वंशातल्या) एका व्हर्जिन, म्हणजे नराशी अजून न जुळलेल्या, मादीचा साध्या नराशी क्रॉस (संकर) लावला. पुढच्या पिढीत ७८ माद्या आणि ४२ नर निघाले. मॅडम म्हणतात, एक्सवर घातक अलील (जनुकाची जीवघेणी आवृत्ती) असणार. गटातला एक जण म्हणतो, हा योगायोग. कोणाचं बरोबर? (विद्यार्थिनी, गणेशखिंड)

मॅडमचं बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे, पण या एका मोजणीवर शिक्कामोर्तब करू नका.

मादीला दोन एक्स असतात, नराला एक एक्स आणि एक वाय. मादीच्या एका एक्सवर अप्रभावी घातक अलील असलं तरी दुसऱ्या एक्सवरची चांगली प्रत तिला सांभाळून घेते आणि ती धडधाकट दिसते. तिच्या मुलींना बापाकडून चांगला एक्स मिळतो, म्हणून त्या सगळ्या जगतात. मुलग्यांना बापाकडून वाय येतो आणि त्यावर या जनुकाची प्रत नसते. आईकडून घातक एक्स आला की तो नर वाचत नाही. निम्मे नर असे गळतात आणि दोन माद्यांमागे एक नर उरतो.

तुमचे आकडे यात बसतात का ते पाहू. १२० माश्यांत १:१ धरलं तर ६० माद्या आणि ६० नर अपेक्षित. फरक १८ चा, त्याचा वर्ग ३२४, भागिले ६०, आणि हे नर-मादी दोन्हींसाठी मिळून १०.८. हा काय-वर्ग, म्हणजे अपेक्षा आणि मोजणी यांतल्या तफावतीचं माप. पाच टक्के पातळीवरची मर्यादा ३.८४ आहे, म्हणजे १:१ बाद. २:१ धरलं तर अपेक्षा ८० आणि ४० ची, आणि काय-वर्ग येतो ०.१५. चोख बसलं. पण हेच तुम्ही ३० माश्यांवर थांबला असता आणि १८ माद्या, १२ नर मिळाले असते, तर १:१ साठी १.२ आणि २:१ साठी ०.६ आलं असतं. दोन्ही गृहीतकं पास, म्हणजे हाती काहीच नाही. शंभरापेक्षा कमी माश्या मोजून या दोन गुणोत्तरांत निवाडा करायला जाऊ नये.

आता महत्त्वाचा प्रश्न: तुम्ही मोजलं कधी? ड्रोसोफिलाच्या माद्या नरांपेक्षा काही तास आधी कोषातून बाहेर पडतात. पहिल्याच दिवशी मोजून बाटली टाकून दिली तर निरोगी क्रॉसमध्येही माद्या जास्त भरतात. २५ अंशांना अंड्यापासून माशीपर्यंत साधारण दहा दिवस लागतात. आईबापांना सातव्या-आठव्या दिवशी काढून टाका, पहिली माशी दिसल्यापासून रोज मोजा आणि क्रॉस लावल्यापासून अठराव्या दिवशी थांबा. त्यापुढे मोजलंत तर नातवंडं मिसळायला लागतात.

दुसरी चूक भिंगाखाली होते. नुकत्याच निघालेल्या माश्या फिकट असतात. नराच्या पोटाचं टोक अजून काळं झालेलं नसतं, त्यामुळे तो मादी म्हणून मोजला जातो. पोटाच्या रंगावर विसंबू नका. ब्रशने माशी उलटी करा आणि पुढच्या पायावर काळ्या केसांचा छोटा कंगवा आहे का ते पाहा. तो फक्त नराला असतो.

हे सगळं नीट पाळलं असेल तर खरी परीक्षा मुलींची घ्या. ७८ पैकी निदान दहा माद्या व्हर्जिन असताना वेगळ्या करा. २५ अंशांना मादी पहिले आठ तास नराला दाद देत नाही, म्हणून सकाळी नऊला व्हायल (माश्यांची छोटी बाटली) पूर्ण रिकामी करायची आणि संध्याकाळी पाचच्या आत निघालेल्या माद्या उचलायच्या. प्रत्येकीला स्वतंत्र व्हायलमध्ये दोन-तीन साध्या नरांबरोबर सोडा. एक्सवर घातक अलील असेल तर साधारण निम्म्या मुलींच्या व्हायलमध्ये २:१ येईल आणि उरलेल्यांत १:१. दहाही मुलींना आईचा चांगलाच एक्स मिळाला असण्याची शक्यता १०२४ त एक आहे, त्यामुळे दहाही व्हायल १:१ आल्या तर पहिल्या मोजणीत खोट होती असं बिनदिक्कत समजा.

तिसरीही शक्यता आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्पायरोप्लाझ्मा नावाचा जिवाणू माशीच्या शरीरात राहतो, अंड्यातून पुढच्या पिढीत जातो आणि नर गर्भांना मारतो. तो गुणसूत्रावर बसलेला नसल्यामुळे सगळ्याच मुलींकडे जातो. सगळ्या व्हायलमध्ये जवळपास माद्याच निघत असतील तर जनुकाचा नाद सोडा आणि जिवाणूचा संशय घ्या.

नर मेले कुठे, हेही पाहता येतं आणि हा भाग विद्यार्थ्यांनी टाळू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. मीडियाच्या, म्हणजे माश्यांच्या खाद्याच्या, काळसर चकतीवर मादीला काही तास अंडी घालू द्या, २०० अंडी मोजा आणि ३० तासांनी पुन्हा पाहा. गर्भावस्थेत मारणारं अलील असेल तर पाव हिस्सा, म्हणजे पन्नासेक अंडी उबत नाहीत आणि हळूहळू तपकिरी होतात. जी पांढरीच राहतात ती बहुधा फलित झालेलीच नसतात. त्यांना मृतांत धरू नका. अंडी नीट उबली तर अळ्या पाहा. तिसऱ्या अवस्थेतली अळी पाण्याच्या थेंबात ठेवून खालून उजेड टाकला की नर अळीच्या मागच्या भागात, दोन्ही बाजूंच्या चरबीत एकेक ठळक, लंबगोल, पारदर्शक ठिपका दिसतो. ती वृषणं. मादीत तिथे अगदी बारीक टिंब असतं. नर अळ्या पुरेशा आहेत पण नर माश्या कमी, तर मृत्यू त्यानंतरचा. मग व्हायलच्या काचेवरचे न फुटलेले, काळपट पडलेले कोष मोजा.

प्रश्न: आमच्याकडे घातक अलीलचा स्टॉक होता. नर मरतात तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा? आणि आता त्यात सगळेच साधे नर-मादी दिसतात, ते का? (प्राध्यापक, हडपसर)

तो टिकत नाही, टिकवावा लागतो. घातक एक्स फक्त माद्यांमधून पुढे जातो आणि दर पिढीत निम्म्याच मुलींकडे जातो. निवड न करता माश्या नुसत्या नव्या व्हायलमध्ये झटकत राहिलात तर वाहक माद्यांचं प्रमाण दर पिढीला निम्मं होतं. पाच पिढ्यांत बत्तीस माद्यांमागे एक वाहक उरते. पुण्याच्या हवेत पाच पिढ्या म्हणजे जेमतेम दोन महिने. तुमच्या स्टॉकचं हेच झालं असणार.

यावरचा उपाय बॅलन्सर गुणसूत्र. त्यावर ठळक दिसणारी खूण असते आणि उलटापालट केलेले मोठे तुकडे असतात. त्यामुळे मादीत दोन एक्समध्ये अदलाबदल होऊन खूण आणि घातक अलील यांची फारकत होत नाही. महाविद्यालयासाठी बास्क किंवा म्युलर-५ या नावाने मिळणारा बॅलन्सर सोयीचा. त्यावर बार म्हणजे अरुंद डोळा आणि जर्दाळू रंग अशा दोन खुणा असतात. साध्या माशीच्या डोळ्यात सुमारे ७८० नेत्रिका (डोळ्याचे बारीक घटक), बारची एक प्रत असलेल्या मादीत साडेतीनशेच्या आसपास आणि दोन प्रती असतील तर सत्तरच्या आसपास. एका प्रतीचा डोळा मूत्रपिंडासारखा, पुढून खाच पडलेला दिसतो. दर पिढीत अशा, मूत्रपिंडाकार लाल डोळ्यांच्या माद्या निवडून पुढे न्या. बास्कच्या दोन प्रती असलेल्या माद्याही अंडी घालतात, म्हणून निवड चुकली की बॅलन्सर असूनही स्टॉक हातातून जातो.

याच युक्तीवर हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांमुळे उत्परिवर्तनं होतात हे दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना १९४६ चं नोबेल मिळालं. त्यांच्या सीएलबी गुणसूत्रावर अदलाबदल रोखणारी उलटापालट, एक घातक अलील आणि बार हे तिन्ही एकत्र होतं. सीएलबी घेतलेले नर मरायचेच. किरणांनी दुसऱ्या एक्सवर नवं घातक अलील घडवलं असेल तर उरलेले नरही मरायचे. बाटलीत एकही नर नाही, हे नुसत्या नजरेने कळायचं. मोजदाद लागत नव्हती, म्हणून हजारो बाटल्या तपासणं शक्य झालं.

वर्गात हाच प्रयोग बास्कवर करता येतो. ज्या नरावर प्रक्रिया केली तो बास्कच्या व्हर्जिन मादीशी लावा. पहिल्या पिढीतली प्रत्येक मूत्रपिंडाकार डोळ्यांची मुलगी एकेका व्हायलमध्ये आपल्या बास्क भावांबरोबर ठेवा. त्यापुढच्या पिढीत फक्त एकच वर्ग शोधायचा: गोल, लाल डोळ्यांचे नर. दहा बास्क नर निघाले आणि गोल डोळ्यांचा एकही नाही, तर हे योगायोगाने घडण्याची शक्यता हजारात एक. एखाददुसरा निघाला तर त्या व्हायलमधल्या मूत्रपिंडाकार डोळ्यांच्या माद्यांवर आणखी एक पिढी लावून खात्री करा. प्रक्रिया न केलेल्या नरांत असं उत्परिवर्तन हजारात एक-दोन-तीन एवढंच सापडतं, त्यामुळे नियंत्रण गटाच्या शंभर व्हायलमध्ये शून्य आलं तर घाबरायचं कारण नाही.

प्रश्न: नॉच आणि कर्ली, दोन्हींत २:१ येतं असं पुस्तकात आहे. मग फरक काय? (टी.वाय.बी.एस्सी., कोथरूड)

२:१ कशाकशात ते वाचा. नॉच एक्सवर आहे. मादीत एक प्रत असली की पंखाच्या टोकाला खाच पडते, नरात ती प्रत गर्भावस्थेतच जीव घेते. नॉच मादी आणि साधा नर यांच्या संततीत नॉच माद्या, साध्या माद्या आणि साधे नर सारख्या संख्येने येतात. २:१ आहे ते मादी-नरांत, आणि नॉच नर एकही नाही. कर्ली, म्हणजे वळलेल्या पंखांची खूण, दुसऱ्या गुणसूत्रावर आहे, ते लिंगाशी बांधलेलं नाही. दोन कर्ली माश्या एकत्र लावल्या तर दोन प्रतींच्या माश्या मरतात आणि वाकड्या व सरळ पंखांत २:१ येतं, पण नर-मादी सारखेच. म्हणून वहीत ‘नर किती, मादी किती’ आणि ‘खूण किती, साधे किती’ असे दोन वेगळे तक्ते न करता चार घरांचा एकच तक्ता करा. कोणतं घर रिकामं आहे, त्यावरून सगळं कळतं.

कर्लीबाबत एक खबरदारी. थंडीत पंख नीट वळत नाहीत. १९ अंशांच्या आसपास वाढलेली कर्ली माशी बऱ्याचदा साधी दिसते. डिसेंबरात पुण्यातल्या बिगर-इन्क्युबेटरच्या (तापमान कायम राखणारं कपाट नसलेल्या) खोलीत हा क्रॉस लावला तर सरळ पंखांचा वर्ग फुगतो.

प्रश्न: आमच्याकडे बीओडी इन्क्युबेटर नाही. एप्रिलमध्ये क्रॉस लावले तर अंडी दिसतात, अळ्या नाहीत. हेही घातक अलीलच का? (शिक्षक, भोसरी)

नाही, ही उन्हाळ्याची करामत आहे. तीस अंशांना वाढलेले नर वांझ निघतात. एप्रिल-मे मध्ये पुण्याचा पारा ३८ ते ४० वर असतो, बंद खोलीतही तिशी सहज ओलांडते. मादी अंडी घालते, ती फलित नसतात, म्हणून पांढरीच राहतात. घातक अलीलने कधी सगळी अंडी जात नाहीत, हिस्सा ठरलेला असतो.

इन्क्युबेटर नसेल तर अनुवंशशास्त्राचे क्रॉस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच बसवा. रात्री पारा दहा-बारावर गेला की वाढ मंदावते, त्यामुळे व्हायल थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा आणि वर सांगितलेले दिवस पुढे ढकला. १८ अंशांना एक पिढी जवळजवळ वीस दिवस घेते. उन्हाळ्यात स्टॉक नुसता जगवायचा असेल तर त्याच खोक्यात बर्फाची बाटली ठेवून ती सकाळ-संध्याकाळ बदला.

खाद्यासाठी आपल्याकडचं रवा-गुळाचं मीडिया उत्तम. एक लिटर पाणी, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम गव्हाचा रवा, ८ ते १० ग्रॅम अगर, साडेसात मिलिलिटर प्रोपिऑनिक ॲसिड. अगर गार पाण्यात घालून उकळा, पूर्ण विरघळू द्या. गूळ वेगळ्या पाण्यात विरघळवून गाळूनच घाला, त्यातली कचकच व्हायलमध्ये नको. रवा थोड्या गार पाण्यात कालवून धारेने ओता आणि सतत ढवळा, नाहीतर गुठळ्या होतात. हे वेगळं घेतलेलं पाणीही त्या एक लिटरमधलंच. आठ-दहा मिनिटं शिजवून आच बंद करा. ॲसिड लगेच घालू नका. उकळत्या मिश्रणात ते उडून जातं आणि चौथ्या दिवशी बुरशी येते. साठेक अंशांवर आलं की हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून मिसळा. व्हायलमध्ये दोन-अडीच सेंटिमीटरचा थर ओता, वर स्वच्छ मलमल टाकून रात्रभर निवू द्या. मलमल विसरलात तर आंब्याच्या दिवसांत बाहेरची चिलटं रातोरात अंडी घालतात आणि तुमच्या क्रॉसमध्ये परका बाप शिरतो. सकाळी काचेवरचं पाणी पुसा, यीस्टचे चार दाणे टाका, कापसाचा बोळा लावा. पावसाळ्यात काच ओली राहून माश्या चिकटतात; फिल्टर पेपरची पट्टी उभी खोचा. उन्हाळ्यात मीडिया काचेपासून सुटतं आणि माश्या त्या फटीत अडकून मरतात. अशी व्हायल मोजणीला धरू नये.

प्रश्न: नात्यातल्या एका सुनेला चारही मुलीच झाल्या. ‘तिच्यात मुलगे मारणारा गुण आहे’ असं घरात बोललं जातं. विज्ञान काय म्हणतं? (वाचक, धायरी)

असं म्हणायला काहीही आधार नाही. चार अपत्यं असलेल्या सोळा कुटुंबांमागे साधारण एका कुटुंबात चारही मुली निव्वळ योगायोगाने असतात. माश्यांत आम्ही शंभर मोजल्याशिवाय बोलू नका म्हणतो, तर चारांवरून माणसाविषयी बोलणं सर्वस्वी चूक आहे.

माणसात मूल मुलगा होणार की मुलगी हे वडिलांच्या शुक्रपेशीत एक्स आहे की वाय, यावर ठरतं. (माशीत वाय लिंग ठरवत नाही, तिथे एक्सची संख्या ठरवते. एक एक्स आणि वाय नसलेली माशी नरच होते, फक्त वांझ.) एक्सवरचं अलील मुलगे गर्भातच दगावण्याला कारण ठरतं असे आजार माणसात आहेत, पण ते दुर्मिळ आहेत आणि आईत किंवा मुलींत त्यांची त्वचेवरचे पट्टे-डाग यांसारखी लक्षणं दिसतात. तशी लक्षणं आणि वारंवार गर्भपात असं दोन्ही असेल तर अनुवंशतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. नुसत्या मुली असणं हे लक्षण नाही.

प्रश्न: मंडईतल्या केळ्यांवरच्या माश्या पकडून त्यांच्यात एक्सवरची घातक अलीलं शोधता येतील का? (विज्ञान मंडळ, शुक्रवार पेठ)

आधी माशी कोणती ते पाहा. आपल्याकडे प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या मेलॅनोगास्टर या जातीबरोबर अनानासी ही जातही भरपूर सापडते. मेलॅनोगास्टरच्या नराचं पोट टोकाला काळंभोर असतं आणि कंगवा एकाच ओळीचा. अनानासीच्या नराचं टोक फिकट असतं आणि कंगवा अनेक आडव्या ओळींत पसरलेला. फरक महत्त्वाचा आहे, कारण मेलॅनोगास्टरच्या नरात गुणसूत्रांची अदलाबदल होत नाही आणि खाली दिलेले क्रॉस त्याच भरवशावर आहेत. अनानासीच्या नरात ती होते.

एक्सच्या मागे मात्र लागू नका. लोकसंख्येतले एक तृतीयांश एक्स दर पिढीत नरांत असतात आणि तिथे घातक अलील उघडं पडून नाहीसं होतं, त्यामुळे ते फार विरळा सापडतं. दुसऱ्या गुणसूत्रावरचं घातक अलील दोन्ही लिंगांत झाकलेलं राहतं. रानटी मेलॅनोगास्टरच्या शंभर दुसऱ्या गुणसूत्रांत दहाहून जास्त अशी निघतात. म्हणून कर्ली-प्लमचा स्टॉक मागवा. त्यात दुसऱ्या गुणसूत्राच्या जोडीतल्या एकावर कर्ली आणि दुसऱ्यावर प्लम, म्हणजे तपकिरी डोळ्यांची खूण, असते. मंडईतला एक नर कर्ली-प्लम मादीशी लावा. त्याचा एकच कर्ली, पण प्लम नसलेला मुलगा घ्या आणि पुन्हा कर्ली-प्लम माद्यांशी लावा. त्यांच्या संततीतले कर्ली, प्लम नसलेले भाऊ-बहीण एकत्र ठेवा. एकाच मुलग्यापासून सुरुवात केल्यामुळे त्या सगळ्यांत मंडईतल्या नराचं तेच एक गुणसूत्र असतं. पुढच्या पिढीत एक तृतीयांश माश्या सरळ पंखांच्या निघाल्या तर गुणसूत्र निर्दोष. शंभरात एकही सरळ पंख दिसला नाही, तर त्या गुणसूत्रावर घातक अलील आहे. व्हायलवर नर पकडल्याची तारीख लिहा आणि तो स्टॉक कर्लीवरच राखून ठेवा.